घाटेअळीच्या आतड्यातली खोबण

हरभऱ्याच्या घाट्याला गोल भोक पाडून घाटेअळी आत तोंड खुपसते. अर्धे अंग आत, अर्धे बाहेर, अशा अवस्थेत ती दाणा खात राहते. पण खाल्लेला दाणा अळीच्या अंगी लागायचा तर त्यातल्या प्रथिनांचे तुकडे व्हावे लागतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. माळ अखंड आहे तोवर ती आतड्याच्या भिंतीतून शरीरात शिरू शकत नाही. ती तोडण्याचे काम आतड्यात स्रवणारी विकरे करतात, आणि घाटेअळीत त्यातला मोठा वाटा ट्रिप्सिन व कायमोट्रिप्सिन या घराण्यांतल्या विकरांचा असतो. ही विकरे स्वतःदेखील प्रथिनेच आहेत. ट्रिप्सिनच्या पृष्ठभागावर एक खोबण असते. तीत माळेचा एक विशिष्ट मणी अडकला, तरच माळ तुटते. खोबण दुसऱ्याच कशाने बुजली, तर भरल्या पोटीही अळी उपाशी राहते.

प्रथिनावरच्या अशा जागेला बंधस्थान म्हणतात. ट्रिप्सिनचे बंधस्थान हे त्याचे फार सोपे आणि फार बारकाईने अभ्यासलेले उदाहरण आहे. गाईच्या स्वादुपिंडातले ट्रिप्सिन २२३ अमिनो आम्लांचे असते. ही माळ स्वतःभोवती वळून, घड्या घालून गोळा होते आणि त्या गोळ्यावर सुमारे एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाइतकी खोल खोबण तयार होते. खोबणीच्या तळाशी १८९ क्रमांकाचे अॅस्पार्टिक आम्ल बसलेले असते. त्याच्यावर ऋण विद्युतभार असतो. साहजिकच खोबणीत जाऊन बसतात ती धन भाराची लांब शेपटी असलेली दोन अमिनो आम्ले, लायसिन आणि आर्जिनिन. खोबणीच्या तोंडाशी १९५ क्रमांकाचे सेरिन असते. शेपटी तळापर्यंत गेली की माळेचा तोडायचा बंध नेमका या सेरिनसमोर येतो, आणि हिस्टिडिन ५७ व अॅस्पार्टिक आम्ल १०२ यांच्या मदतीने सेरिन तो बंध तोडते. कायमोट्रिप्सिनमध्ये ही सारी मांडणी जवळपास तशीच आहे. फक्त खोबणीच्या तळाशी अॅस्पार्टिक आम्लाऐवजी सेरिन आहे. तळाचा ऋण भार गेला, खोबण तेलकट आणि ऐसपैस झाली, आणि तिच्यात फेनिलअॅलनिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन ही मोठ्या वलयांची अमिनो आम्ले बसू लागली. इलास्टेज नावाच्या तिसऱ्या भावंडात खोबणीच्या तोंडाशी दोन मोठी अमिनो आम्ले आडवी आली आहेत, म्हणून तिथे अॅलनिनसारखे छोटे अमिनो आम्लच मावते. आराखडा एकच, पण खोबणीतले दोन-तीन मणी बदलले की विकराची आवडनिवड बदलते.

विकर आणि त्याचे भक्ष्य यांचे नाते एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये कुलूप-किल्लीच्या उपमेने सांगितले. उपमा इतकी चपखल होती की शाळेच्या पुस्तकांत ती आजही टिकून आहे. तिच्यात एक उणीव मात्र आहे. किल्ली घातल्यावर कुलूप स्वतःचा आकार बदलत नाही, प्रथिन बदलते. डॅनियल कोशलँड यांनी १९५८ मध्ये हा मुद्दा मांडला: रेणू जवळ येताच बंधस्थान थोडे सरकते, मिटते, त्याला लपेटून घेते. पायमोज्यात पाय शिरावा तसे हे आहे. पायमोजा पायाचा आकार घेतो, पण हाताचा पंजा त्यात नीट बसत नाही.

रेणूला बंधस्थान सापडते ते निव्वळ धडपडीतून. आतड्यातल्या पाण्यात प्रत्येक रेणू सतत सगळ्या बाजूंनी धक्के खात भटकत असतो. बहुतेक टकरी वाया जातात. एखादी टक्कर योग्य कोनातून झाली की विरुद्ध भार एकमेकांना ओढतात, खोबणीत आधीपासून असलेले पाण्याचे रेणू बाहेर ढकलले जातात, तेलकट भाग तेलकट भागाला टेकतात आणि कडेने हायड्रोजन बंध जुळतात. यातला एकही बंध फारसा बळकट नसतो. एकटादुकटा हायड्रोजन बंध उष्णतेच्या धक्क्याने क्षणात तुटतो. पण दहा-पंधरा दुबळे बंध एकाच वेळी जुळले की ते सगळे एकदम तुटण्याची शक्यता फार कमी होते. रेणू चिकटून राहतो तो या जोरावर.

ही पकड मोजण्यासाठी विघटन स्थिरांक वापरतात. द्रावणात रेणूचे प्रमाण किती असले म्हणजे निम्मी बंधस्थाने भरलेली असतील, हे तो सांगतो. आकडा जितका लहान, तितकी पकड घट्ट. बेन्झामिडीन हा छोटासा रेणू आर्जिनिनच्या शेपटीसारखा दिसतो आणि ट्रिप्सिनच्या खोबणीत शिरतो. त्याचा स्थिरांक सुमारे १८ मायक्रोमोलर आहे. गाईच्या स्वादुपिंडातच ट्रिप्सिनला रोखणारे ५८ अमिनो आम्लांचे एक चिमुकले प्रथिनही असते. त्याचा स्थिरांक सुमारे ०.०६ पिकोमोलर आहे. हे आकडे पुण्याच्या मापात सांगता येतात. खडकवासला धरण काठोकाठ भरले की त्यात सुमारे दोन टीएमसी वापरण्याजोगे पाणी असते. त्या पाण्यात अगदी नाममात्र ट्रिप्सिन विरघळवले आहे असे धरले, तर त्यातले निम्मे रेणू अडकवायला बेन्झामिडीन लागेल साधारण १२० टन. त्या चिमुकल्या प्रथिनाचे बावीस ग्रॅम पुरतील. खोबण तीच, पण पकडीत तीस कोटी पटींचा फरक आहे, कारण बेन्झामिडीन फक्त खोबण भरते, तर प्रथिन खोबणीसकट आजूबाजूचा काठही धरून बसते. एकदा बसले की निम्मे रेणू सुटायला सुमारे चार महिने लागतात. स्वादुपिंडाला असे रोखणारे प्रथिन जवळ बाळगावेच लागते. ट्रिप्सिन वेळेआधी जागे झाले तर ते ग्रंथीलाच पचवू लागेल.

अशा रेणूंना अवरोधक म्हणतात. अवरोधकाच्या अंगावर एक फास असतो आणि त्या फासातले लायसिन किंवा आर्जिनिन भक्ष्याचे सोंग घेऊन खोबणीत शिरते. ट्रिप्सिन बंध तोडायला सरसावते, पण फास गंधकाच्या दुव्यांनी दोन्ही बाजूंनी इतका ताणून धरलेला असतो की बंध तुटला तरी टोके दूर जात नाहीत आणि पुन्हा जुळतात. विकर कामात गुंतून पडते आणि काम तडीस जात नाही.

वनस्पतींच्या बियांत असे अवरोधक मुबलक असतात. अमेरिकेत मोझेस कुनित्झ यांनी १९४५ मध्ये सोयाबीनमधला ट्रिप्सिन अवरोधक स्फटिकरूपात मिळवला. पुढच्याच दशकात मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये कमला सोहोनी यांनी आपल्याकडच्या कडधान्यांचा शोध सुरू केला. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन आलेल्या या जीवरसायनशास्त्रज्ञ बाईंनी के. एस. आंबे यांच्यासह वाल आणि डबल बी यांतले ट्रिप्सिन अवरोधक स्फटिकरूपात वेगळे केले. ते काम १९५५ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आले. सोहोनींच्या नावाशी नीरेवरचे संशोधन जोडले जाते ते योग्यच आहे, पण वालाच्या अवरोधकाचे त्यांचे काम महाराष्ट्रात जितके माहीत असायला हवे तितके नाही. त्यांचा प्रश्न पोषणाचा होता: गरिबाच्या ताटातले कडधान्य अंगी किती लागते? वाल भिजवून, मोड आणून, सोलून, शिजवून त्याच्या डाळिंब्या करायच्या या घरोघरच्या रीतीमागे रसायनशास्त्र आहे. मोड येताना बी स्वतःच साठवलेली प्रथिने मोडू लागते, आणि शिजवताना अवरोधकाची घडी उलगडून फास सैल पडतो.

माणूस शिजवून खातो. अळी कच्चे खाते. अवरोधक हे मुळात तिच्यासाठी आहेत, असा स्पष्ट पुरावा क्लॅरेन्स रायन यांच्या प्रयोगशाळेतून १९७२ मध्ये आला. बटाट्या-टोमॅटोचे एक पान किड्याने कुरतडले की न कुरतडलेल्या दूरच्या पानांतही अवरोधक वाढू लागतात, असे त्यात दिसले.

मग हरभऱ्यात अवरोधक असताना घाटेअळी हरभऱ्यावर एवढी पोसते कशी? या प्रश्नावर पुण्यात पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत दीर्घकाळ काम झाले आहे. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालेली ही संस्था रसायनांसाठी ओळखली जाते, पण तिथे वनस्पतींच्या रेणवीय जीवशास्त्राचाही एक कसदार गट उभा राहिला. प्रभाकर रांजेकर, विद्या गुप्ता, अशोक गिरी आणि त्यांचे विद्यार्थी, तसेच पुणे विद्यापीठातल्या मोहिनी सैनानी यांनी १९९० च्या दशकात घाटेअळीचे आतडे हाच विषय घेतला.

या कामात वापरलेली एक पद्धत औरंगाबादची आहे आणि ती मुद्दाम सांगण्याजोगी आहे. मराठवाडा विद्यापीठातल्या पिचारे आणि काचोळे यांनी १९९४ मध्ये ती प्रसिद्ध केली. एक्स-रे फिल्मवर जिलेटिनचा थर असतो, आणि जिलेटिन हे प्रथिन आहे. बियांच्या अर्कातली प्रथिने जेलमध्ये विद्युतप्रवाहाने पट्ट्यापट्ट्यांत वेगळी करायची, जेल ट्रिप्सिनच्या द्रावणात बुडवायचे आणि मग फिल्मवर ठेवायचे. सगळीकडचे जिलेटिन ट्रिप्सिन खाऊन टाकते आणि ते धुऊन जाते. जिथे अवरोधकाचा पट्टा आहे, तिथले तेवढे शाबूत राहते. महागडे यंत्र न वापरता, दवाखान्यात मिळणाऱ्या फिल्मवर अवरोधकाची सावली उमटते. ट्रिप्सिनऐवजी थेट अळीच्या आतड्याचा अर्क घेतला की तो अवरोधक अळीवर चालतो की नाही, हेही त्याच दिवशी कळते.

ही अदलाबदल निर्णायक ठरली. हरभऱ्याच्या दाण्यातले अवरोधक गाईच्या ट्रिप्सिनला उत्तम रोखत होते, पण घाटेअळीच्या विकरांपुढे ते टिकत नव्हते. गिरी आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले की अळीची विकरे हरभऱ्याचे अवरोधक चक्क तोडून टाकतात. जो फास विकराला अडकवण्यासाठी होता, तोच अळीचा घास झाला. हरभऱ्याची कीडप्रतिकारक जात शोधताना नुसते ‘ट्रिप्सिन अवरोधक किती’ एवढेच मोजणे फसवे का आहे, हे यातून कळते. कोणाचे ट्रिप्सिन, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, अभय हरसुलकर व सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यात एकीकडे अळीच्या नेहमीच्या खाद्यवनस्पती होत्या: हरभरा, तूर, कापूस. दुसरीकडे तिच्या खाण्यात सहसा नसलेल्या: भुईमूग, चौधारी घेवडा, बटाटा. ट्रिप्सिन रोखणारे पट्टे सहाही वनस्पतींत दिसले. अळीच्या विकरांना रोखणारे पट्टे मात्र दुसऱ्या गटातच होते. पहिल्या गटात अपवाद फक्त कापसाचा. ज्या वनस्पतीशी अळीचा पिढ्यान्‌पिढ्या संबंध आला, तिच्या अवरोधकाची पकड अळीच्या विकरांनी चुकवायला शिकून घेतली होती. अनोळखी अवरोधकांपुढे मात्र ती उघडी पडत होती.

तीही फार काळ नाही. बटाट्याचा अवरोधक घातलेल्या खाद्यावर वाढलेल्या अळ्या खुरटल्या, त्यांच्यातले ट्रिप्सिनसारखे विकर घटले, आणि त्याबरोबरच त्या अवरोधकाला दाद न देणारी वेगळी विकरे आतड्यात दिसू लागली. घाटेअळीच्या जनुकसंचात या घराण्याच्या विकरांची दोन डझनांहून अधिक जनुके आहेत. त्यांच्या खोबणीचा तळ साधारण सारखा असला तरी काठावरची अमिनो आम्ले वेगवेगळी असतात. काठावर एखादे मोठे अमिनो आम्ल पुढे आले की जाडजूड अवरोधक तिथे टेकू शकत नाही, पण अन्नप्रथिनाची सडपातळ माळ आत जाऊ शकते. दीडशेहून अधिक वनस्पतींवर ही एकच अळी कशी जगते, कापसावर तिला बोंडअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी आणि टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी अशी नावे का पडतात, याचे बरेचसे उत्तर या भात्यात आहे. पुण्याच्या गटाला यावर एक तोड मिळाली. बटाट्याच्या अवरोधकामुळे पुढे आलेल्या नव्या विकरांना चौधारी घेवड्याचे अवरोधक रोखत होते. एकामागून एक दोन वेगळे अवरोधक वापरावेत, ही सूचना त्यातून निघाली.

कारल्याच्या बियांतूनही चांगले अवरोधक मिळाले, पण सर्वांत जास्त काम झाले ते मिरचीवर. २००५ मध्ये याच गटातल्या वैजयंती तांहाणे आणि सहकाऱ्यांनी फुले ज्योती या मिरचीच्या वाणाच्या पानांतून दोन अवरोधक शुद्ध केले. वेगवेगळ्या पिकांवर वाढलेल्या चौथ्या अवस्थेतल्या अळ्यांच्या आतड्यातली ६० ते ८० टक्के प्रथिनभंजक क्रिया त्यांनी रोखली. ट्रिप्सिनसारखी विकरे बहुतेक थंडावली. कायमोट्रिप्सिनसारख्यांपैकी बरीच निसटली. सलग दोन पिढ्या हे अवरोधक खाऊ घातल्यावर अळ्यांची वाढ खुंटली, कोषात जाण्याचा काळ लांबला आणि पतंगांची अंडी घटली. तिसरा परिणाम शेतीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे, कारण अळी जागीच मेली नाही तरी पुढची फळी विरळ होते.

मिरचीचे हे अवरोधक सुमारे पन्नास अमिनो आम्लांच्या तुकड्यांचे बनलेले असतात. एका प्रथिनात असे एक ते चार तुकडे ओवलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःचा फास असतो. तुकडा घट्ट ठेवणारे गंधकाचे चार दुवे असतात. दुवे जितके जास्त तितका अवरोधक चांगला, असे कोणालाही वाटेल. पण त्याच गटाने २०१४ मध्ये दोन दुवे नसलेला एक तुकडा अभ्यासला आणि तो अधिक प्रभावी निघाला. दुवे गेल्याने फास लवचीक झाला, विकराशी जुळवून घेऊ लागला, आणि त्या भागात हायड्रोजन बंध दाट झाले. कोशलँड यांनी विकराबद्दल म्हटले ते इथे अवरोधकाबाबतही खरे ठरते. अर्थात फास फार सैल झाला तर विकर त्याला तोडून टाकेल, हरभऱ्याच्या अवरोधकाचे झाले तसे. ताठरपणा आणि लवचीकपणा यांच्या मधली एक अरुंद वाट आहे, आणि अवरोधकाला तीवरच राहावे लागते.

मिरचीच्या तिखटपणाचा या अवरोधकांशी संबंध नाही. तो कॅप्सायसिनचा गुण आहे, आणि त्याचे बंधस्थान विकरावर नसून ग्राहीवर आहे. ग्राही म्हणजे पेशीच्या आवरणात रुतून बसलेले, बाहेरचा निरोप आत पोहोचवणारे प्रथिन. कॅप्सायसिन ज्याला चिकटते तो ग्राही जिभेतल्या आणि त्वचेतल्या वेदनातंतूंवर असतो. एरवी तो सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर उघडतो आणि भाजल्याचा निरोप देतो. कॅप्सायसिन त्याच्या आवरणातल्या भागात शिरून त्याला थंड असतानाच उघडते, म्हणून ठेचा खाल्ल्यावर तोंड भाजल्यासारखे वाटते. डेव्हिड ज्युलियस यांनी हा ग्राही १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. पक्ष्यांमध्येही हा ग्राही असतो आणि उष्णतेला दाद देतो, पण त्यातली काही अमिनो आम्ले वेगळी असल्याने कॅप्सायसिनला तो दाद देत नाही. पोपट मिरच्या खुशाल खातो ते त्यामुळे.

ग्राहीवरचे बंधस्थान शेतीत किती मोलाचे आहे, हे महाराष्ट्राने कापसात पाहिले आहे. २००२ मध्ये भारतात परवानगी मिळालेल्या बीटी कापसात एका जिवाणूचे प्रथिन तयार होते. अळीच्या आतड्यात तिचीच ट्रिप्सिनसारखी विकरे त्याला छाटून जागे करतात. जागे झालेले प्रथिन आतड्याच्या पेशींवरच्या कॅडहेरिन नावाच्या ग्राहीला चिकटते, पेशीला भोके पडतात आणि अळी मरते. माणसाच्या आतड्यात त्याला चिकटायला तशी जागाच नाही. गुलाबी बोंडअळी या वेगळ्या किडीने ही साखळी ग्राहीपाशी तोडली. भारतातल्या प्रतिकारक अळ्यांत कॅडहेरिनचा संदेश चुकीच्या जागी छाटला जाऊन ग्राही अपुरा बनतो, असे २०१४ मध्ये दिसून आले. विष तेच राहिले, पण त्याचे बंधस्थान उरले नाही. २०१७ च्या हंगामात विदर्भातल्या कापूस उत्पादकांनी त्याची मोठी किंमत मोजली.

अवरोधकांच्या बाबतीत पुण्यातले काम अलीकडे वेगळ्या दिशेने गेले आहे. अख्खे प्रथिन पिकात घालण्याऐवजी फासातला खोबणीत शिरणारा नेमका भागच घेतला तर? २०१८ मध्ये या गटाने बटाट्याच्या कुळातल्या अवरोधकांच्या फासावरून बेतलेले, अवघ्या तीन अमिनो आम्लांचे तुकडे तपासले आणि ते घाटेअळीच्या विकरांना रोखतात असे दाखवले. असे तुकडे प्रयोगशाळेत बनवता येतात आणि फवारणीचा विचार त्यांच्याबाबत करता येतो. पण बेन्झामिडीनची अडचण इथेही आहे: छोटा रेणू खोबण भरतो, काठ धरत नाही, म्हणून त्याची पकड अख्ख्या अवरोधकाइतकी घट्ट नसते आणि मात्रा जास्त लागते. दुसरीकडे, काठ बदलून निसटणाऱ्या विकरांना हा छोटा रेणू अधिक सहज गाठू शकतो, कारण खोबणीचा तळ बदलणे विकराला परवडत नाही. तळ बदलला तर लायसिन-आर्जिनिन बसायचे बंद होईल आणि अळीला अन्नच पचणार नाही. शेतात आज मात्र घाटेअळीसाठी कामगंध सापळे, पक्षिथांबे, निंबोळी अर्क आणि तिच्यावरच वाढणारा एचएनपीव्ही विषाणू वापरतात.